नदी सर्वांची, शेत ज्याचे त्याचे

नदी आपल्याला पुष्कळ देते, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु ती केव्हा देते, याचा विचार सहसा करीत नाही. युरोपातील कित्येक प्रदेशांत पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, त्यामुळे तेथील नद्या वर्षभर संथपणे वाहत असतात. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधात वसलेला आहे. येथे पाऊस पडतो तो चार महिने. उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. म्हणून श्रावणात जी नदी दोन्ही थड्या भरून, झाडेझुडपे उपटून नेत असते, तीच वैशाखात वाळूच्या पात्रातून करंगळीएवढ्या धारेने वाहताना दिसते. अशा नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला दोन चिंता असतात. पाणी फार झाले तर घरदार कसे राखावे, ही पहिली. आणि पाणी थोडे झाले तर ते कोणी किती घ्यावे, ही दुसरी. या दोन चिंतांतूनच नदीकाठच्या गावांची रचना, त्यांचे कायदे आणि त्यांची माणुसकी आकारास आली.

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुका हे या गोष्टीचे उत्तम उदाहरण होय. सटाणा हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण आरम नदीच्या काठी वसले आहे. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या उंच रांगा आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला साल्हेर याच भागात आहे. त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंच असून उंचीच्या बाबतीत ते कळसूबाईच्या खालोखाल आहे. या डोंगरांवर पाऊस भरपूर पडतो. परंतु पूर्वेकडे सपाटीवर उतरावे, तसतसा तो कमी होत जातो. डोंगरातील पाणी घेऊन आरम आणि मोसम या नद्या पूर्वेकडे धावतात. आरम गिरणेस मिळते; मोसम मालेगावापाशी गिरणेतच विलीन होते; आणि गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीस जाऊन मिळते. ज्या जमिनीवर पाऊस बेताचा, त्याच जमिनीजवळून डोंगरातील पाणी वाहत जाते, हे बागलाणाचे भाग्य आहे. त्या भाग्याचा उपयोग येथील शेतकऱ्यांनी कसा करून घेतला, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम गाव कोठे वसते ते पाहू. आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. पिढ्यान्पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंतींची माती, चुलींची राख आणि चुना मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून हे नाव. पांढरी नेहमी उंचवट्यावर आणि काळी नदीलगतच्या सपाटीवर, असा साधारण नियम आढळतो. पुराचे पाणी दोन दिवस शेतात शिरले, तर नुकसान होते खरे. पण शेत उभे राहते. तेच पाणी मातीच्या घरात शिरले, तर भिंत विरघळते आणि धान्याची कणगी वाहून जाते. म्हणून पूर्वजांनी घर उंचावर बांधले आणि रोज पाण्याचे हंडे वर वाहून आणण्याचे कष्ट सोसले. हे कष्ट बहुतेक घरांतील स्त्रियांच्याच वाट्याला आले, हेही आपण विसरता कामा नये.

घर उंचावर नेता येते, शेत मात्र नेता येत नाही. नदी आपले काठ सारखे बदलत असते. एका वळणावर ती काठ कापते आणि दुसऱ्या वळणावर गाळ आणून टाकते. ज्याची जमीन कापली गेली त्याचे काय? जी जमीन आता अस्तित्वातच नाही, तिचा सारा त्याने भरावा काय? हा प्रश्न इतका जुना आहे, की १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात त्यासाठी तरतूद करावी लागली. नदीने ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक जमीन वाहून नेली, तर त्या प्रमाणात सारा कमी करून मिळे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही हे तत्त्व कायम राहिले. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : नदी आणि तिचे पात्र कोणा एकाच्या मालकीचे नाही, ते सरकारचे, म्हणजेच सर्व जनतेचे आहे. शेताचा सातबारा असतो, त्यावर मालकाचे नाव असते. वाहत्या पाण्यावर मात्र कोणालाही आपले नाव लिहिता येत नाही.

येथेच खरी अडचण सुरू होते. शेत माझे आहे. पण पाण्यावाचून त्या शेताला काय किंमत? आणि पाणी तर सर्वांचे आहे. मग सर्वांचे पाणी ज्याच्या त्याच्या शेतात न्यावयाचे कसे? या प्रश्नाला मोसम, आरम, पांझरा अशा नद्यांच्या काठच्या गावांनी जे उत्तर शोधले, त्याला फड पद्धती असे म्हणतात. नाशिक, धुळे व जळगाव या जिल्ह्यांत ही पद्धती तीन-चारशे वर्षांपासून चालत आली असावी, असे अभ्यासक मानतात.

या पद्धतीचा आरंभ बंधाऱ्यापासून होतो. सोयीची जागा पाहून नदीच्या पात्रात आडवी दगडी भिंत बांधतात. हिची उंची फार नसते. मोठे धरण पाणी साठवून ठेवते. बंधारा पाणी साठवीत नाही, तो फक्त त्याची पातळी थोडी वर उचलून त्याला बाजूला वळवितो. पूर आला, की पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावरून निघून जाते आणि बंधारा तसाच उभा राहतो. वळविलेले पाणी पाटात शिरते. पाट म्हणजे कालवा. काही पाट २ किलोमीटरचे, तर काही १२ किलोमीटरपर्यंतही लांब आहेत. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे लहान दांड निघतात, आणि जास्तीचे पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीकडे जाते. या साऱ्या वाटेवर कोठेही यंत्र नाही की पंप नाही. पाणी केवळ उतारावरून आपल्या पायांनी चालत जाते. ज्या कारागिरांनी हा उतार साधला, त्यांची नजर किती अचूक असेल, याची कल्पना करा. उतार अधिक झाला तर पाटाची माती वाहून जाते, आणि कमी झाला तर पाट गाळाने भरतो!

पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीला कायम बागायत म्हणत. या बागायतीचे बहुधा तीन किंवा चार भाग पाडीत. अशा प्रत्येक भागाला फड म्हणतात. फड लहान असला तर १० हेक्टरांचा, मोठा असला तर २०० हेक्टरांपर्यंतचाही असतो. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे, हा मुख्य नियम. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा. आणि पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे एकटा शेतकरी ठरवीत नसे. नदीचे पाणी पाहून गाव ठरवीत असे. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होई.

एकाच पिकाचा हा हट्ट कशासाठी? त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. सारख्या पिकाला पाणी सारखे व एकाच वेळी लागते, त्यामुळे पाळी ठरविणे सोपे जाते. शेजाऱ्याच्या उसाचे पाणी झिरपून आपला हरभरा सडला, अशी तक्रार उद्भवत नाही. दरवर्षी पीक पालटल्याने जमिनीचा कस टिकतो, आणि सतत पाणी दिल्याने जमीन खारवण्याचा व चिबडण्याचा जो धोका असतो, तो कमी होतो. शिवाय संपूर्ण फडाची राखण एकाच राखणदाराला करता येते.

परंतु फड पद्धतीचे मर्म याहून खोल आहे. समजा, एका गावची ४०० एकर कायम बागायत आहे व तिचे १०० एकरांचे चार फड पाडले आहेत. एका शेतकऱ्याची ८ एकर जमीन आहे. पण ती एका ठिकाणी नसून प्रत्येक फडात २ एकर अशी विभागलेली आहे. दुसऱ्याची ४ एकर जमीन आहे. तीही प्रत्येक फडात १ एकर अशीच आहे. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला व गावाने चारांपैकी दोनच फड भिजविण्याचे ठरविले. मग पहिल्याची ८ पैकी ४ एकर भिजेल आणि दुसऱ्याची ४ पैकी २ एकर. दोघांचाही निम्मा भाग कोरडा राहील. पाटाच्या तोंडाशी असलेला सुखी आणि शेवटी असलेला दुःखी, असा भेद येथे उरत नाही; कारण प्रत्येकाचे थोडे शेत तोंडाशी आहे आणि थोडे शेवटी आहे. सुकाळ वाटून घेणे अवघड नसते. दुष्काळ वाटून घेणे हीच खरी कसोटी असते, आणि फड पद्धतीने तो समान वाटण्याची सोय जमिनीच्या मांडणीतच करून ठेवली होती. आपली चार शेते चार ठिकाणी असणे गैरसोयीचेच. तरीही न्यायासाठी गावाने ती गैरसोय पत्करली.

नियम केले, तरी ते पाळण्यासाठी माणसे लागतात. फडाचा कारभार पंच पाहत. त्यांच्या हाताखाली काही सेवक असत. पाटकरी पाटाची व त्यातील पाण्याची देखरेख करी. बारेकरी प्रत्येक शेताला त्याच्या पाळीप्रमाणे पाणी देई. या भागात पिकाला पाणी देण्यास 'बारे देणे' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. जागल्या पिकाची राखण करी. या सर्वांवर देखरेख करणारा तो हवालदार. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे : आपल्या शेताला आपण होऊन पाणी घेण्याचा अधिकार कोणाही शेतकऱ्याला नव्हता. पाणी बारेकऱ्यानेच द्यावयाचे. गावातील मोठा बागाईतदार असो की लहान शेतकरी, दोघांनीही आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे. या सेवकांना वेतन पैशांत नव्हे, तर पिकाच्या हिश्शात मिळे. पीक चांगले आले, तर त्यांचाही वाटा चांगला. पीक बुडाले, तर त्यांचेही नुकसान. त्यामुळे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचविण्यात त्यांचे स्वतःचेही हित होते.

पाटात दरवर्षी गाळ साचतो, झुडपे वाढतात, बंधाऱ्याचे दगड निखळतात. ही दुरुस्ती करण्यासाठी गावाने सरकारची वाट पाहिली नाही. पाण्याचा लाभ घेणाऱ्याने श्रमाचा वाटाही उचलावा, असा दंडक होता. स्वतः येणे शक्य नसेल, तर त्याने मोबदला द्यावा. हक्क आणि कर्तव्य ही दोन्ही एकाच पाटाची दोन काठे आहेत; एक खचले की पाणी वाहून जाते.

तथापि, माणसाची व्यवस्था कितीही चोख असली, तरी निसर्गाचे काही आघात तिच्या शक्तीपलीकडचे असतात. नदीच आटली तर पाळी कशाची ठरवावयाची? अशा वेळी मालमत्ता मोठी की जीवित मोठे, हा प्रश्न उभा राहतो. सटाण्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या हृदयात जपून ठेवले आहे. यशवंत महादेव भोसेकर हे गृहस्थ येथे मामलेदार असताना १८७०-७१ च्या सुमारास या भागात भीषण दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून तडफडू लागले. स्वतःजवळचे सर्व देऊन झाले, तेव्हा त्यांनी सरकारी खजिन्यातील १,२७,००० रुपये लोकांस वाटून टाकले, असे परंपरा सांगते. पुढे तपासणीत खजिना भरलेलाच आढळला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला, तरी खजिना हा लोकांसाठी असतो, लोक खजिन्यासाठी नसतात, हे एका अधिकाऱ्याने आपली नोकरी पणाला लावून दाखवून दिले, हे त्या कथेचे सार उरतेच. लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. १८८७ साली त्यांचे निधन झाले. सटाण्यात त्यांचे मंदिर असून दरवर्षी तेथे यात्रा भरते.

फड पद्धतीचे गुण सांगताना तिची उणीव झाकून ठेवणे योग्य होणार नाही. या पद्धतीत पाणी जमिनीला जोडलेले होते. ज्याच्याजवळ जमीन नव्हती, त्याला पाण्याचा वाटा नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतात राबून पोट भरी. सर्वांची नदी प्रत्यक्षात जमीन असणाऱ्यांचीच होती. ही उणीव दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न पुढे पुणे जिल्ह्यात झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम आरंभिले. तेथे पाणी एकरांवर न मोजता माणसांवर मोजण्यात आले : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबास अडीच एकरांपेक्षा अधिक नाही. भूमिहीनांचाही पाण्यावरील हक्क मान्य झाला. फार पाणी पिणारा ऊस तेथे वर्ज्य ठरला. फडाने शेतांना समान मानले. पाणी पंचायतीने माणसांना समान मानले.

अशी व्यवस्था केवळ आपल्याकडेच होती असे नाही. इंडोनेशियातील बाली बेटावरील भातशेतीत सुबक नावाची पद्धती शेकडो वर्षांपासून चालत आली आहे. तेथील शेतकरी पाण्याच्या मंदिरांत एकत्र जमून कोणाच्या शेतात पाणी केव्हा सोडावयाचे ते ठरवितात. युनेस्कोने २०१२ साली या भूप्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. भाषा वेगळी, पीक वेगळे, दैवत वेगळे. पण वाहते पाणी एकट्याला राखता येत नाही, हा अनुभव मात्र एकच.

आज बागलाणाचे चित्र पुष्कळ पालटले आहे. मोसमवर हरणबारी व आरमवर केळझर ही धरणे झाली आणि नद्यांचे पाणी केव्हा सोडावयाचे, हे गावाऐवजी सरकारी खाते ठरवू लागले. तेलावरची इंजिने आली, वीज आली, आणि ज्याची त्याची विहीर झाली. द्राक्षे, डाळिंबे व कांदा यांनी या तालुक्याचे नाव दूरवर पोहोचविले. ज्याला डाळिंब लावावयाचे, तो फडाच्या एकपिकी नियमात कसा राहणार? अनेक ठिकाणी फड मोडले, पाट बुजले, पाटकऱ्याचे काम संपले. या बदलाने शेतकऱ्याला स्वातंत्र्य दिले, उत्पन्नही दिले. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु जुना प्रश्न मात्र नाहीसा झालेला नाही. तो जमिनीखाली गेला आहे. विहीर माझी, तिचे बांधकाम माझे, पंप माझा; पण विहिरीत येणारा झरा माझा आहे काय? तो शेजाऱ्याच्या शेताखालून येतो. मी विहीर दहा हात खोल केली, तर शेजाऱ्याची विहीर आटते. मग तो वीस हात खोल जातो. या चढाओढीत शेवटी दोघांच्याही विहिरी कोरड्या पडतात आणि दोघांवरही कर्ज उरते. वरून वाहणारे पाणी डोळ्यांना दिसत होते, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याची वाटणी केली. खालचे पाणी दिसत नाही, म्हणून त्याची वाटणी करणे अधिक कठीण आहे. पण ते तितकेच सामाईक आहे.

ही जाणीव आता कायद्यानेही स्वीकारली आहे. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यानुसार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था स्थापन होतात. कालव्याचे पाणी संस्थेला मोजून मिळते आणि सभासदांमध्ये त्याची वाटणी करणे हे तिचे काम असते. बागलाणातील शेतकऱ्याला यात नवे ते काय वाटावे? त्याचे पणजोबा फडावर बसून हेच करीत होते. कायदा नवा आहे. शहाणपण जुने आहे.

मुलांनो, आपण नकाशात नदी पाहतो तेव्हा ती एक निळी रेघ दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना शेतांच्या सीमा असतात, बांध असतात, मालकांची नावे असतात. त्या सीमा आवश्यकच आहेत, कारण आपल्या कष्टाचे फळ आपल्याला मिळेल ही खात्री असल्यावाचून कोणीही मनापासून राबत नाही. पण ती निळी रेघ सगळ्या सीमा ओलांडून जाते, आणि तिच्यावाचून त्या सीमांच्या आत काहीही उगवत नाही. म्हणून जो नदीकाठी राहतो, त्याला 'माझे' आणि 'आपले' हे दोन्ही शब्द यावे लागतात. पहिला शब्द प्रत्येकाला जन्मतःच येतो. दुसरा मात्र पाळीने, श्रमाने आणि थोडी गैरसोय सोसूनच शिकावा लागतो.